म्हशाची जत्रा आणि व्हेनिसचा महोत्सव

भात झोडून झालेलं असतं, पेंढा रचून झालेला असतो आणि वीटभट्ट्या नुकत्या पेटलेल्या असतात, अशा दिवसांत पौष पौर्णिमा येते. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसा नावाचं गाव आहे. तिथल्या देवाचं कागदोपत्री नाव खांबलिंगेश्वर, पण नवस बोलणाऱ्याला तो म्हसोबाच. पौर्णिमेपासून पुढे कितीतरी दिवस गावाभोवतीच्या मोकळ्या शेतांत जत्रा भरते. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांचे ढीग, विळे-कोयते-नांगराचे फाळ, मिठाईची दुकानं, पाळणे आणि तमाशाचे फड. मुरबाड, शहापूर, कर्जत, कल्याणकडची माणसं वर्षाची खरेदी इथे उरकतात. या गर्दीत एका कडेला तंबू लागायचा. जत्रेत शिरणाऱ्याला तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. भोंग्यातून एखाद्या सिनेमाचं नाव, नायक-नायिकेचं नाव आणि ‘शेवटचे दोन दिवस’ ही वर्दी. दोन दिवसांनंतरही ते शेवटचे दोन दिवसच असत.

तंबूतल्या सिनेमाला टुरिंग टॉकीज म्हणायचं हे शहरातल्या लोकांचं काम. जत्रेत त्याला नुसतं ‘तंबू’ म्हणत. तंबूत काय लागलंय, एवढाच प्रश्न असे.

चित्रपट महोत्सव म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मंडळी, हातात वेळापत्रक, सकाळी इराणचा, दुपारी पोलंडचा आणि रात्री ब्राझीलचा चित्रपट. देशोदेशीचा सिनेमा एका गावात, मोजक्या दिवसांत, एका तिकिटावर पाहायला मिळावा ही त्यामागची कल्पना. तंबूवाल्याचीही कल्पना साधारण हीच होती. आठ-दहा दिवसांत चार-पाच वेगवेगळे सिनेमे, देवाचा, मारामारीचा, रडवणारा, हसवणारा. महोत्सवाला निवड समिती असते. तंबूतही निवड होई, फक्त ती करणाऱ्याला कुणी समिती म्हणत नसे.

आणि निवड कोण करतं, या प्रश्नावरूनच महोत्सवांचा सगळा इतिहास घडला आहे. जगातला पहिला नावाजलेला चित्रपट महोत्सव व्हेनिसला १९३२ साली सुरू झाला, तेव्हा इटलीत मुसोलिनीची राजवट होती. १९३८ साली तिथली मोठी बक्षिसं इटलीच्या आणि जर्मनीच्या राजवटींना प्रिय असलेल्या चित्रपटांना गेली. फ्रेंच मंडळी चिडली आणि त्यांनी कान इथे आपला महोत्सव काढायचं ठरवलं. तो १९३९च्या सप्टेंबरात व्हायचा होता, नेमकं त्याच महिन्यात महायुद्ध पेटलं, म्हणून पहिला कान महोत्सव १९४६ साली झाला. त्यात बक्षीस मिळालेल्या चित्रपटांत चेतन आनंदांचा ‘नीचा नगर’ होता. गंमत म्हणजे पुढे पाव शतकभर, १९७२पर्यंत, कानला कोणता चित्रपट पाठवायचा हे ज्याचा त्याचा देश ठरवत असे. राष्ट्रीय सिनेमा म्हणजे वकिलातीनं निवडून, टाय बांधून पाठवलेला पाहुणा. तो घरी कसा वागतो हे त्यावरून कळेलच असं नाही.

पण कधीकधी पाहुणा आणि घरचा माणूस एकच निघतो. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि वर्षाहून अधिक काळ चालला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ साली हाच चित्रपट व्हेनिसला गेला आणि तिथल्या परीक्षकांनी त्याचा गौरव केला. आणि हाच चित्रपट पुढे वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या तंबूंत फिरला. माणसं त्याला बघायला नव्हे, दर्शनाला येत. व्हेनिसच्या परीक्षकांना त्यात साधेपणाची कला दिसली असेल. तंबूत बसलेल्या बाईला जिजाईचं चिडणं दिसलं, कारण देवभोळ्या नवऱ्याचा संसार ओढणं म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नव्हतं. व्हेनिसपर्यंत पोचलेल्या आणि जत्रेतही चाललेल्या चित्रपटांची यादी करायला बसलं तर ती फार लांबत नाही.

अंधारात बसून उजेडातल्या गोष्टी बघायची सवय मात्र या मुलखाला सिनेमाच्या आधीपासून होती. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा होतो. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी एकेक सोंगं रात्रभर नाचत पुढे येतात. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, वाजवायची तऱ्हा वेगळी. पहाट होईपर्यंत अख्खं पुराण डोळ्यांसमोरून जातं. ज्यांनी बोहाडा पाहिला त्यांना पडद्यावर देव चालताना बघून धक्का बसला नाही. त्यांना प्रश्न पडला तो एवढाच, की सोंग इतकं सपाट कसं.

जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, मुरबाडचा रस्ता जिथून निघतो त्या कल्याणात, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२च्या सुमाराला एक खेळ सुरू केला. नाव ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर, त्याच्यावरून शांबरिक. मॅजिक लँटर्नला दिलेलं इतकं देखणं देशी नाव दुसरं नाही, आणि ते रुळलं नाही याचं कारण ते म्हणून बघताना कळतं. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, एकाहून अधिक दिवे, आणि पट्ट्या अशा झपाट्यानं बदलायच्या की पडद्यावरची आकृती हलल्यासारखी वाटावी. सीतास्वयंवर होतं, सर्कस होती. जोडीला निवेदन आणि संगीत. पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी हा खेळ महाराष्ट्रभर फिरवला. ल्युमिएर बंधूंचा सिनेमॅटोग्राफ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखवला गेला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. पुढे खरा हलणारा सिनेमा आला आणि हाताने हलवलेल्या चित्रांचा धंदा बसला.

१८९२ हे साल शेजारच्या शहापूर तालुक्याला वेगळ्या कारणानं लक्षात ठेवावं लागतं. त्या साली तानसा धरणाचं काम पुरं होऊन पाणी मुंबईकडे निघालं. पुढे भातसाही आलं. तेव्हापासून शहापुरातून मुंबईला पाणी जातं आणि मुंबईतून शहापूरला चित्रं येतात. पाणी नळातून, रोज आणि भरवशानं. चित्रं जुनी होऊन, कधीतरी.

चित्रं येण्याचा रस्ता आधी लोखंडी होता. रेल्वे वासिंदपर्यंत १८५५ साली, आसनगाव करत कसाऱ्यापर्यंत १८६१ साली आणि थळ घाट चढून इगतपुरीला १८६५ साली पोचली. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला तयार केला, ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लावला, आणि त्याच वर्षी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. त्यानंतरचे ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘लंका दहन’ नाशिकच्या बाजूला तयार झाले आणि मुंबईत लागले. नाशिकहून मुंबईला रेल्वेनं जायचं तर घाट उतरून कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव हीच वाट. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पहिल्या वर्षांत त्याच्या पेट्या शहापूर तालुक्याच्या अंगणातून जात होत्या. थांबत नव्हत्या, एवढंच.

थांबवण्याचं काम केलं तंबूवाल्यांनी. त्यांच्यातला एक आद्य माणूस अब्दुलअली युसुफअली. मूळचा सुरतेकडचा. १९०१पासून तो सिंगापूर, जावा, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिलोन असा तंबू घेऊन फिरला आणि नंतर हिंदुस्थानात. त्याचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, हजारभर माणसं मावणारा. चित्रफिती तेव्हा तुकड्या-तुकड्यांच्या असत. कुठे लढाई, कुठे राणीची अंत्ययात्रा, कुठे नुसतीच गंमत. हजार माणसांना दोन तास बसवायचं तर देशोदेशीचे तुकडे जोडूनच कार्यक्रम करावा लागे. ‘विविध देशांचा सिनेमा’ ही आज महोत्सवाची शेखी आहे, त्या काळी ती धंद्याची अडचण होती. हाच युसुफअली पुढे अर्देशिर इराणींचा भागीदार झाला आणि दोघांच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ बोलला.

भारताचा स्वतःचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला तो मुंबईत, २४ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९५२. पौष सरत आला होता. भरवला सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं. नंतर तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्याला नेला गेला. दिल्लीत पंडित नेहरूंनी उद्घाटन केलं. चाळीसेक कथापट, शंभराच्या आसपास लघुपट. त्याआधी परदेशी सिनेमा म्हणजे बहुतकरून हॉलिवूड आणि थोडा ब्रिटनचा, अशी मुंबईकराची समजूत होती. या महोत्सवात इटलीनं ती मोडली. डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि ‘मिरॅकल इन मिलान’, रोसेलिनीचा ‘रोम ओपन सिटी’. चोरीला गेलेली एक सायकल शोधत बाप-लेक दिवसभर रोममध्ये फिरतात, इतक्याशा गोष्टीचा सिनेमा होतो, हे पाहून मुंबईच्या स्टुडिओंतली माणसं सुन्न झाली. बिमल रॉय त्यांतले एक. वर्षभरात त्यांचा ‘दो बीघा जमीन’ आला. गिरणीसाठी जमीन जाऊ नये म्हणून कर्ज फेडायला कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू महातो, आणि शेवटी आपल्याच जमिनीकडे कुंपणाबाहेरून बघणारं त्याचं कुटुंब. १९५४ साली कानला त्याला बक्षीस मिळालं. धरणात जमिनी गेलेल्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या शहापूरच्या पाड्यांवर शंभूची गोष्ट समजावून सांगायची गरज पडली नसती.

त्या महोत्सवात भारतानं स्वतःची म्हणून जी चित्रं मांडली ती बघण्यासारखी आहेत. हिंदीतला राज कपूरचा ‘आवारा’, तेलुगूतला ‘पाताळ भैरवी’, बंगालीतला ‘बाबला’ आणि मराठीतला व्ही. शांतारामांचा ‘अमर भूपाळी’. चार भाषा, चार जाती. शहरी भटक्या, मांत्रिकाची अद्भुतकथा, गरिबीतलं पोर आणि एक शाहीर. नव्या प्रजासत्ताकाला दोन वर्षं होत होती आणि ‘आमचा सिनेमा’ म्हणजे काय याचं उत्तर एका चित्रपटात देता येत नाही, हे निवडणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. यातला ‘अमर भूपाळी’ होनाजी बाळाचा, म्हणजे पेशवाईच्या अखेरच्या काळातल्या गवळी शाहिराचा. लावणी रचणारा माणूस भूपाळीही रचतो, हा त्याचा विषय. १९५२ साली कानमध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला.

आता म्हशाच्या मैदानात परत यावं. तिथे तंबूच्या शेजारी तमाशाचे फड असत. एका कनातीत होनाजीची परंपरा ढोलकीवर जिवंत, आणि दुसऱ्या कनातीत तिचाच सिनेमा. मराठी सिनेमानं तमाशाला किती पोसलं आणि तमाशानं मराठी सिनेमाला किती, हा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला नाही. ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा, ‘सोंगाड्या’ १९७१चा, ‘पिंजरा’ १९७२चा. ‘सोंगाड्या’त दादा कोंडक्यांचा भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि आईच्या रोषाला कारण होतो. जत्रेत घरच्यांना चुकवून तमाशाला गेलेली पोरं दुसऱ्या रात्री तंबूत बसून तेच पडद्यावर बघत, आणि या वेळी आईसोबत बघत. सिनेमा बघायला बायका येऊ शकत होत्या, तमाशाला नाही. तंबूत मधोमध दोर नाहीतर कापड बांधलेलं असे, एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला पुरुष. खुर्च्या नाहीत, खाली जमीन. घरून आणलेली घोंगडी अंथरायची, आणि त्या दिवशी नवी घेतली असेल तर तिची पहिली रात्र सिनेमाखाली.

तंबूतला सिनेमा ठरायचा कसा, हा खरा रंजक भाग. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या आवारात वितरकांच्या कचेऱ्या होत्या. देशभरातल्या सिनेमाच्या धंद्याचे सौदे तिथल्या जिन्यांवर झाले. धंदेवाल्यांनी देशाचे आपले वेगळे नकाशे पाडले होते, त्यात ठाणे जिल्हा ‘बॉम्बे सर्किट’मध्ये. चित्रपट आधी मुंबईत लागे, मग पुण्या-नाशकात, मग तालुक्याच्या थिएटरांत. तिथून कंटाळून आलेली प्रिंट तंबूला भाड्यानं मिळे. पस्तीस मिलिमीटरच्या पंधरा-सोळा रिळांची ती पेटी मुरबाडच्या रस्त्याला लागेपर्यंत तिच्यावर ओरखड्यांचा पाऊस पडलेला असे. तुटलेल्या जागी जोड देताना चार-दोन फ्रेमा कापल्या जात, दर गावी थोड्या. म्हणून तंबूतला चित्रपट मूळ चित्रपटापेक्षा लांबीनं नेहमी कमी. गाणं मधेच उडी मारे, मेलेला खलनायक पुढच्या रिळात जिवंत दिसे. याला कुणी दोष म्हणत नसत. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की पुन्हा शांतता.

यंत्र ट्रकमध्येच बसवलेलं असे. ट्रक तंबूच्या मागच्या बाजूला उभा करायचा, त्याच्या पाठीतून प्रकाशाचा झोत थेट पडद्यावर. वीज स्वतःची, जनरेटरची. त्याची धडधड चित्रपटाच्या संगीतात कायमची मिसळलेली. सरकारी परवाना जिल्हाधिकाऱ्याकडून घ्यावा लागे, कारण १९५३च्या मुंबई सिनेमा कायद्यानं सिनेमाघराला परवान्याची अट घातली होती आणि तंबूही त्यातून सुटला नव्हता. आग लागली तर काय, बाहेर पडायला वाट किती रुंद, वायरी कशा, असे प्रश्न. कापडाच्या घराला दगडी थिएटरचे नियम लावताना अधिकाऱ्याची आणि तंबूवाल्याची दोघांचीही कसोटी लागे.

म्हणजे निवड केली कुणी? वितरकानं, कारण त्याच्याकडे जी प्रिंट रिकामी ती. भाड्यानं, कारण मोठ्या नटाची प्रिंट महाग. देवानं, कारण जत्रेत पौराणिक सिनेमा हमखास चाले. १९७५चा ‘जय संतोषी माँ’ लागला की माणसं चपला बाहेर काढून बसत, हे देशभर सांगितलं गेलं आहे. आणि बायकांनी, कारण एकदा बायकांची बाजू भरली की तंबू वाचला. ‘माहेरची साडी’नं १९९१ साली जे केलं ते यामुळेच. समीक्षकांनी त्याला नाकं मुरडली आणि तंबूत हुंदक्यांनी कापड हललं. कुठल्याही महोत्सवाच्या निवड समितीनं प्रेक्षकाचं इतकं कान देऊन ऐकलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर इतका वाईट सिनेमाही कुठल्या समितीनं दाखवलेला नाही. दोन्ही गोष्टी एकदमच मान्य कराव्या लागतात.

सरकारचा हात तंबूपर्यंत पोचला तो वेगळ्या वाटेनं. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची वार्तापत्रं आणि माहितीपट दाखवणं सक्तीचं होतं. धरणाचं उद्घाटन, भाताची सुधारित लागवड, एखाद्या दूरच्या राज्यातलं नृत्य. हीच संस्था १९५२चा महोत्सव भरवत होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे. एका हातानं तिनं मुंबईच्या जाणकारांना डी सिका दाखवला आणि दुसऱ्या हातानं गावच्या माणसाला भाक्रा-नांगल. गावच्या माणसानं डी सिकाला विचारलं नाही, कारण तो आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गावाला जागतिक सिनेमा कळणार नाही, हे गृहीत मात्र तपासून पाहिलं गेलं, शेजारच्या राज्यात. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या खेड्यात ‘नीनासम’ नावाची नाटकवाल्यांची संस्था आहे. तिथल्या के. व्ही. सुब्बण्णांनी १९७३ साली ‘चित्रसमाज’ सुरू केला आणि सुपारीच्या बागा राखणाऱ्या माणसांना कन्नडमध्ये समजावून देत जगभरचे उत्तम चित्रपट दाखवले. लोक आले, बसले, नंतर भांडलेही. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात फिल्म सोसायटीची चळवळ जोरात होती. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ १९६८ साली निघालं आणि मराठी मध्यमवर्गाला त्यानं कुरोसावा, बर्गमन, राय यांची ओळख करून दिली. पण ती चळवळ दादर-पुण्याच्या आसपास घोटाळत राहिली. रविवारच्या सकाळी मुंबईत हंगेरीचा चित्रपट बघणारा माणूस आणि पौषातल्या रात्री म्हशाच्या तंबूत बसलेला माणूस यांच्यात शंभरेक किलोमीटरचंच अंतर होतं.

एकदाच ते अंतर उलट्या बाजूनं थोडं कमी झालं. जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, ठाकर समाजातला. मोहन आगाशे यांचा नाग्या, स्मिता पाटीलची चिंधी, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ना. धों. महानोरांची गाणी. गोष्ट कर्नाळ्याच्या परिसरातली, पण ठाकर मुरबाड-शहापूरच्या डोंगरांतही राहतात. राष्ट्रीय पुरस्कारात तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. त्याच सुमाराला, १९७८ साली, केंद्र सरकारनं भारताच्या महोत्सवात ‘इंडियन पॅनोरमा’ हा विभाग सुरू केला, देशातल्या सगळ्या भाषांतले निवडक चित्रपट एकत्र दाखवायला. १९५२ची ती चार भाषांची मांडणी आता कायमची झाली. मल्याळम, आसामी, कन्नड, मणिपुरी, मराठी सिनेमा एका छताखाली. महोत्सव मात्र फिरत राहिला, दिल्ली, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद असा, आणि २००४पासून गोव्यात स्थिरावला. पणजीत जाऊन मांडवीच्या काठी जगाचा सिनेमा बघणं हा आता मराठी सिनेमावेड्यांचा नोव्हेंबरातला वारीचाच प्रकार झाला आहे.

तंबूला घरघर आधी व्हिडिओनं लावली. गावात भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे बघायची टूम १९८०च्या दशकात आली. मग केबल, मग सीडी. जत्रेला येणाऱ्या माणसानं तंबूत लागलेला चित्रपट घरीच पाहिलेला असे. तरी तंबू टिकला, कारण माणूस तंबूत नुसता सिनेमा बघायला जात नसे, जत्रेतला सिनेमा बघायला जाई. खरा घाव बसला तो २०१०च्या आसपास, जेव्हा पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंट निघणंच बंद होत गेलं. उपग्रहावरून किंवा हार्ड डिस्कवर येणारा सिनेमा दाखवायचा तर यंत्र नवं, महाग आणि नाजूक. धूळ, थंडी आणि जनरेटरचे झटके सोसणारं जुनं लोखंडी यंत्र भंगारात गेलं.

आणि नेमका हाच शेवट महोत्सवाला आवडला. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया हे दोघे कितीतरी वर्षं महाराष्ट्रातल्या जत्रांमधून तंबूवाल्यांच्या मागे फिरले. मधेशिया यांनी काढलेली तंबूतल्या प्रेक्षकांची छायाचित्रं, अंधारात पडद्याकडे लागलेले चेहरे, वर्ल्ड प्रेस फोटोच्या पुरस्कारापर्यंत पोचली. दोघांचा माहितीपट ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ साली कानला दाखवला गेला आणि तिथे माहितीपटांच्या पुरस्कारात त्याची खास दखल घेतली गेली. त्यात गंजलेला ट्रक आहे, अडकलेली रिळं आहेत आणि प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला, स्वतःचं यंत्र बनवणारा म्हातारा कारागीर आहे. व्हेनिसला गेलेला ‘तुकाराम’ तंबूत आला होता, त्याला ऐंशी वर्षं होत आली होती. आता खुद्द तंबूच कानला गेला.

मुरबाड तालुक्याची स्वतःची गोष्ट पडद्यावर यायला २०२० साल उजाडलं. १९४२च्या आंदोलनात माथेरानच्या विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर २ जानेवारीला माणसं सिद्धगडावर जमतात, मशाली पेटवतात. ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट २०२०च्या जानेवारीच्या उत्तरार्धात लागला. पौष पौर्णिमा १० जानेवारीला होऊन गेली होती. चित्रपट मल्टिप्लेक्सच्या पडद्यांवर आला तेव्हा म्हशाच्या मैदानातले बैल विकले गेले होते आणि पाळणेवाले पुढच्या जत्रेसाठी खांब उतरवत होते.